लिफ्टमधला माळी

गुरुवार, ६ मार्च

टिल्ले,

जाड्या जिवंत आहे!

घाबरू नकोस, माझं डोकं फिरलेलं नाही. काल संध्याकाळी आपली बुधवारची लागली. नवी नाही, जुनी. पहिला सीझन, अगदी पहिल्या भागापासून. शेवटचा सीझन यायचाय म्हणून चॅनलवाल्यांनी जुनं सगळं पुन्हा दाखवायला घेतलंय. दर बुधवारी, त्याच वेळेला. मध्ये ती मालिका शुक्रवारी गेली, मग रविवारी गेली, पण आपल्या घरात ती बुधवारचीच राहिली. आणि बघ, आली की नाही मुकाट्याने बुधवारी!

मी दुकानातून येऊन चहा टाकला होता. टीव्ही नुसता आवाजाला लावलेला. तेवढ्यात ते सुरुवातीचं संगीत कानावर आलं आणि चहा उतू गेला. धावत बाहेर आले तर इन्स्पेक्टरबाई गाडीतून उतरतायत, काय बारीक होत्या गं तेव्हा, आणि त्यांच्या मागून जाड्या! त्याचा कोट गाडीच्या दारात अडकतो, आठवतं? सहाव्या सीझनला त्या गोदामात तो मेला तेव्हा तू जेवणावरून उठून गेली होतीस. तुझा दादा मागून ओरडला होता, "अगं, त्याला मरायचा पगार मिळालाय, तू जेव!" आणि इथे हा पठ्ठ्या कोट सोडवत हसतोय. अजून पाच सीझन हातात आहेत आणि त्याला पत्ता नाही.

मी टीव्हीपुढे उभी राहून मोठ्याने म्हणाले, "बाबा रे, त्या गोदामात जाऊ नकोस." शेजारचीने भिंतीवर टकटक केली.

तू फोन उचलत नाहीस म्हणून कोर्टाच्या पत्त्यावर लिहितेय. तिथलं टपाल तू फोडल्याशिवाय राहणार नाहीस. तीन वर्षांत मी बुधवारची बघितली नाही. एकटीने बघायची म्हणजे मध्येच "हा खोटं बोलतोय" असं म्हणायचं कुणाला? पण काल जाड्याला बघितलं आणि सांगण्यासारखं माणूस एकच आठवलं.

आणखी एक. तू गेलीस त्या दिवशी दार इतक्या जोरात ओढलंस की वरची बिजागरी निखळली. अजून तशीच आहे. दार खाली घासतं, खांदा लावून ढकलावं लागतं. ही तक्रार नाही, माहिती आहे.

तुझी वहिनी


गुरुवार, २० मार्च

टिल्ले,

उत्तर नाही. ठीक आहे. मी लिहिणार.

तीन भाग झाले आणि मी अक्षरशः हवेत आहे. दुकानात मास्तर म्हणाले, "आज शिवणयंत्र फार जोरात पळतंय, काय भानगड आहे?" मी म्हटलं, "खुनी सापडलाय." ते म्हणाले, "तो तर सोळा सीझनपूर्वीच सापडला." मी म्हटलं, "तेव्हा नुसता सापडला होता, आता दिसतोय."

खरंच तसं आहे. पहिल्यांदा बघताना आपण प्रत्येकावर संशय घेतला. तू त्या भाडेकरूवर, मी मुख्याध्यापकावर, दादा पाण्याच्या टाकीवर. आता मला माहीत आहे की संगीतशिक्षकाला पाण्याच्या टाकीत त्या गोड औषधवाल्याने ढकललं. म्हणून मी फक्त त्याच्याकडे बघत बसते. आणि ऐक! पहिल्या भागात त्याची करडी पँट बुटावर पडते. दुसऱ्या भागात तीच पँट, पण घोट्याच्या वर! खालची टीप ताजी आहे, दोरा एक छटा गडद. मी आयुष्यभर लोकांच्या पँटी आखूड करत आले, ती टीप मला पलीकडच्या फुटपाथवरूनही दिसेल. भिजलेला काठ त्याने कापून टाकला! हे लेखकाने केलं की कपडे बघणाऱ्या बाईने, देव जाणे. कुणी काही बोलत नाही त्यावर. नुसतं दाखवून ठेवलंय. मी खुर्चीच्या हातावर अशी बुक्की मारली की अजून दुखतेय.

वाचनालयातली मुलगी मला नेहमी म्हणते, "मावशी, तेच तेच पुस्तक काय नेता?" आता तिला सांगायला माझ्याकडे पँट आहे.

पण हे सगळं सोड. पुढच्या बुधवारी चौथा भाग आहे.

चौथा! माळ्याचा!

आपण दोघींनी तो कधीच पाहिलेला नाही. त्या दिवशी तुझी लघुलेखनाची परीक्षा होती, लांबच्या गावी, आणि मी सोबतीला आले होते. परतताना बस बंद पडली. घरी पोचलो तोवर भाग संपून गेला होता. तू तर रडून सुजली होतीस. पेपरात मध्येच तुझा हात थांबला, तो माणूस वाचत पुढे निघून गेला आणि तू बघत राहिलीस. दादाने काही विचारलं नाही. ताटं वाढली आणि म्हणाला, "जेवा आधी. आज काय झालंय माहितेय का?"

आणि त्याने सांगितलं. बाई साक्षीदाराला भेटायला एका इमारतीत जातात. लिफ्टमध्ये आधीच एक माळी उभा, हातात झारी. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते. दिवा जातो. अंधारात माळी काहीतरी बोलतो. मग दार उघडतं तर आत बाई एकट्या, आणि पायाशी झारी! माळी गायब. लिफ्टच्या छपराची झडप उघडी. तुझ्या दादाने बोट वर करून सांगितलं होतं, "पण लक्षात घ्या, ती झडप आतून उघडत नसते. बाहेरूनच उघडते. म्हणजे वर कुणीतरी होतं."

मी हातातला घास तसाच ताटात ठेवला.

तेव्हापासून आपल्या घरात चष्मा हरवला की "माळ्याने नेला". वर कोण होतं यावर आपण किती भांडलो! तू म्हणायचीस औषधवाल्याचा भाऊ, मी म्हणायचे जाड्या. दादाला विचारलं की, "थांबा, माळी परत येईल. लेखक लोक विसरत नसतात." सोळा सीझन थांबलो. दहाव्या सीझनला तर मी चॅनलला खरमरीत पत्र लिहिलं होतं, माळ्याचं पुढे काय झालं म्हणून. "टाकतो मी पेटीत" म्हणून दादाच घेऊन गेला. त्या लोकांनी साधी पोच दिली नाही.

तर, बुधवारी ये.

तू काय म्हणाली होतीस ते मी विसरले नाही. "वहिनी, तू दादाला घरातून पुसून टाकलंस." मी त्याचे बूट, हत्यारांची पिशवी, खिडकीजवळची खुर्ची, सगळं महिन्याभरात देऊन टाकलं. आजही देईन. दारातले बूट रोज ओलांडायचे आणि रोज एक क्षण वाटायचं की माणूस घरी आहे. मला ते झेपत नव्हतं. तुला ते बूट तिथेच हवे होते. माणूस एकच गेला, पण तुझं माप माझ्या अंगाला बसणार नाही, आणि माझं तुझ्या.

त्यावर पुन्हा बोलायचं नसेल तर नको बोलूया. नुसता भाग बघू. मध्ये जाहिराती लागल्या की तू गॅलरीत जाऊन उभी राहा.

तुझी वहिनी


गुरुवार, २७ मार्च

टिल्ले, टिल्ले, टिल्ले,

माळी नाही!

नाहीच आहे! झारी नाही, झडप नाही, लिफ्ट नाही! अगं, तो साक्षीदार राहतो ते बैठं घर आहे! बाई दार वाजवतात, म्हातारी चहा देते, कुत्रा जाड्याची टोपी पळवतो, म्हातारी म्हणते "मी काही पाहिलं नाही", आणि भाग संपला! मी शेवटची नावं वर सरकत जाईपर्यंत थांबले. टीव्हीला नाक लावून वाचली. म्हातारी आहे, पोस्टमन आहे, कुत्र्याला शिकवणारा आहे. माळी नाही.

रात्रभर डोळ्याला डोळा नाही. सकाळी दुकान उघडायच्या आधी दारात उभी. मास्तरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "कापलं असेल चॅनलवाल्यांनी. वेळ वाचवायला कापतात."

मी म्हटलं, "मास्तर, माळी कापतील. अख्खी इमारत कशी कापतील?"

त्यांनी टेप गळ्यातून काढून खाली ठेवला. म्हणाले, "मग एकच. तुमच्या साहेबांनी ती बनवली."

टिल्ले, आपल्याला तेव्हाच कळायला हवं होतं! मी सकाळपासून बाईंसारखा एकेक धागा ओढतेय आणि सगळं सुटत चाललंय. तुझ्या दादाची तेव्हा पहाटेची पाळी. संध्याकाळी त्या खिडकीजवळच्या खुर्चीत टेकला की सुरुवातीचं संगीत संपायच्या आत घोरायचा. तू कोपर मारायचीस म्हणून जागा राहायचा. त्या दिवशी कोपर मारायला घरात कोण होतं? झोपला असणार! आणि आपण दारात. तू रडवेली, मी दमलेली. आता हा माणूस काय सांगणार? "झोपलो होतो" म्हणायला लाज वाटली असेल, म्हणून जे येत होतं ते सांगितलं.

आणि त्याला काय येत होतं? लिफ्ट! जन्मभर लिफ्टा दुरुस्त करणाऱ्या माणसाच्या गोष्टीत लिफ्टच अडकणार! अगं, माळी त्या अंधारात बाईंना समजावून सांगतो की दोर तुटला तरी ब्रेक आपोआप लागतो. खून राहिला बाजूला आणि ब्रेक कसा लागतो ते दादा चमचा आणि दोऱ्याने करून दाखवत होता. जगात कुठल्या मालिकेत असं होतं? आणि आपण दोघी ताटात हात सुकेपर्यंत ऐकत बसलो.

मी इतकी हसले, इतकी हसले की शेजारचीने पुन्हा टकटक केली. मग एकदम ते पत्र आठवलं. चॅनलला लिहिलेलं! पोच कुठून येणार? पेटीत पडलंच नाही ते! फाडून कुठल्यातरी लिफ्टच्या खड्ड्यात टाकलं असणार. दर सीझनला तो कसा बसायचा आठव. "या वेळी माळी येणार" असं मी म्हटलं की पाणी प्यायला उठायचा.

आता कामाचं बोलते.

घर रिकामं केलं तेव्हा मी त्याच्या प्रत्येक शर्टाचे खिसे बघून दिले होते. त्या माणसाचं आता नवं काही निघणार नाही, असं मनाशी धरून बसले होते. तीन वर्षं तसंच धरून होते. आणि आज निघालं, टिल्ले. एक अख्खा भाग! त्याने स्वतः रचलेला, आपल्या दोघींसाठी, हातात पोळीचा तुकडा घेऊन. तो कुठल्या चॅनलवर नाही. दोनच डोक्यांत आहे, एक माझं आणि एक तुझं.

पण माझ्याकडचा अर्धवट आहे. अंधारात माळी बाईंना काय म्हणाला? ब्रेकचं मला आठवतं. त्याच्यानंतर तो एक वाक्य बोलतो, आणि दादा ते बोलताना थांबला होता, इतकं आठवतं. वाक्य नाही आठवत. मी त्या वेळी बहुतेक पाणी आणायला उठले होते. सकाळपासून, कापड कापताना, सुईत दोरा ओवताना, सारखी शोधतेय. हातालाच लागत नाही.

तू कोर्टात बसून लोकांचं बोलणं शब्दन् शब्द उतरवतेस. तुझ्याकडे असणार. माझ्याकडून जे निसटलं ते तुझ्याकडूनही निसटलं तर ते गेलंच, मग कुणालाच विचारता येणार नाही.

राग ठेव हवा तर. पुढची तीस वर्षं ठेव. वाक्य तेवढं पाठव.

तुझी वहिनी


शनिवार, ५ एप्रिल

टिल्ले,

तुझं पाकीट आलं. दुकानातच फोडलं. यंत्रावर टाईप केलेलं, समास सोडून, जणू मी आरोपी आहे. पहिली ओळ वाचली आणि बसलेली उभी राहिले.

"माळी नाही, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं."

दुसऱ्याच दिवशी!

मास्तरांना मोठ्याने वाचून दाखवलं, कारण एकटीने ते सोसण्यासारखं नव्हतं. तुझ्या क्लासमधल्या सगळ्या मुली टोपी पळवणाऱ्या कुत्र्याबद्दल बोलत होत्या. तू घरी येऊन दादाला कोपऱ्यात घेतलंस. "दादा, कुत्रा कुठे होता?" तर हा म्हणतो, "कुठला कुत्रा?" मास्तर इतके हसले की त्यांच्या तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. मग कान धरून म्हणे, "झोप लागली गं. पण वहिनीला सांगू नकोस. ती सकाळपासून वर कोण होतं ते शोधतेय. किती खूश आहे बघ."

दोघं बहीणभाऊ! एका घरात राहून, माझ्या हातचं जेवून! मी चॅनलला पत्र लिहीत होते तेव्हा तू मला शुद्धलेखन सांगत होतीस, टिल्ले! "खरमरीत" मधली री पहिली की दुसरी ते तू सांगितलंस! मी तुला कधी माफ करणार नाही, आणि हे आठवून मरेपर्यंत हसत राहणार.

दुसरं पान मात्र मी घरी येऊन वाचलं.

दादाने दवाखान्यात तुला सांगितलं होतं, "आता हिला माळ्याचं सांगून टाक, मला हसू आवरणार नाही." मला माहीत नव्हतं. तू त्या दिवशी तेच सांगायला आली होतीस, हेही माहीत नव्हतं. तू लिहिलंयस: "मला ते त्या खुर्चीत बसून सांगायचं होतं, जिथे तो झोपला होता. आत आले तर तिथे नुसती फरशी होती. पुढचं काही सुचलंच नाही, वहिनी. जे तोंडात आलं ते बोलले."

मी त्या फरशीवर जाऊन बसले. खुर्ची दिली याचं मला अजूनही वाईट वाटत नाही. पण तू दारात उभी होतीस, ओठांवर एवढी मोठी गंमत घेऊन, आणि ती तशीच परत घेऊन गेलीस, तीन वर्षं सांभाळलीस, हे वाचून मात्र मला बराच वेळ उठता आलं नाही.

आणि मग ते वाक्य. तू ते वेगळ्या ओळीवर, मधोमध टाईप केलंयस.

"बाई, दार ओढू नका. आपण अडकलोय, पडलो नाही. वरून कुणीतरी येतंय."

तू म्हणतेस तो हे बोलताना तुझ्याकडे बघत होता. असणारच. पेपर तुझा अडकला होता. म्हणून ते माझ्याकडे राहिलं नाही, ज्याचं होतं त्याच्याकडे राहिलं. पुढच्या खेपेला तू पास झालीस तेव्हा मला वाटलं होतं, मी केलेल्या शिऱ्याचा गुण.

पण टिल्ले, हे तो रोज म्हणायचा गं! मी एकदा त्याचा डबा द्यायला गेले होते, एका मोठ्या इमारतीत. लिफ्टमध्ये कुणी बाई अडकल्या होत्या, आतून दारावर थापा मारत होत्या. हा वरच्या मजल्यावरून खड्ड्यात वाकून ओरडत होता, "दार ओढू नका, अडकलात, पडला नाहीत, मी येतोय." मग वरून छपरावर उतरला आणि झडप उघडली.

आता कळलं का वर कोण होतं?

सोळा सीझन! तू औषधवाल्याचा भाऊ म्हणत होतीस, मी जाड्या म्हणत होते! अगं, अडकलेल्या लिफ्टच्या वर कोण असणार? लिफ्टवाला! स्वतःच होता तो! स्वतःला वर ठेवून दिलं आणि आपल्याला शोधायला लावलं. समोर बसून घास खात होता आणि आपण जगभर शोधत होतो. तूही नव्हतंस ओळखलं, बघ. खोटं आहे हे तू दुसऱ्या दिवशी ओळखलंस, पण खुनी मी पकडला! एवढं तरी माझं राहू दे.

आता मला सगळा भाग सुरुवातीपासून ऐकायचाय. तुझा अर्धा आणि माझा अर्धा, एकमेकींच्या चुका काढत. बुधवारी सहावा भाग आहे, तो झाला की. येणार की नाही ते तू लिहिलं नाहीस. कोर्टाची सवय, निकाल राखून ठेवलास.

तुझी वहिनी


बुधवार, ९ एप्रिल
(दाराला टाचणीने लावलेलं)

टिल्ले,

तू फोन केलास तेव्हापासून घरात नुसती इकडून तिकडे फिरतेय, आणि या गडबडीत दूध आणायचंच राहिलं. खाली जाऊन येते. सुरू व्हायला अजून वेळ आहे.

दुकानातली एक खुर्ची मास्तरांनी आजच्यापुरती दिलीय. खिडकीजवळ ठेवलीय. तिच्यात कुणी बसायचं ते भांडून ठरवू.

कुलूप लावलेलं नाही. दार ओढू नकोस. ते अडकतं फक्त. खांदा लाव, मी येतेच आहे.